वृषालीचं टेबल

जळोचीच्या वृषालीला राग लवकर येतो, असं अख्खी गल्ली सांगते. का येतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिचे वडील मानसिंगआबा मोटरी भरायचे. जळालेली तार काढून नवी भरायची आणि शेतकऱ्याचं पाणी चालू करून द्यायचं. वृषाली दहावीपासून त्यांच्या हाताखाली. मधे अंथुर्ण्याला दिली, दोन वर्षांत कायमची परत आली. आबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, दुकान तीच ओढते. पाटीवर नाव धाकट्या भावाचं, सौरभचं. तो खुर्चीत बसून मोबाइल बघतो.

आबा सहा फुटी, टेबल त्यांच्या मापाचं. वृषाली पाच फुटांना दोन बोटं कमी. इतकी वर्षं विटांवर उभी राहून, खांदे चढवून ती तारा भरत होती आणि एकेक मोटर छातीपर्यंत उचलत होती. कंबर पार कामातून गेली. टेबल कापून दे, असं सौरभला सांगितलं, तर म्हणाला, "बघू दिवाळीनंतर." कुठल्या दिवाळीनंतर, ते काही बोलला नाही.

मग तिनंच बारामतीच्या भंगारातून सलूनची जुनी, पायडलनं वर-खाली होणारी खुर्ची आणली. गल्ली हसली. हसू दे! तिनं गादी फाडून काढली, तिच्या पंपाचं तेल गळणारं सील बदललं, खाली लोखंडी अँगलची रुंद चौकट वेल्ड केली आणि वर शाळेनं टाकलेल्या बाकांच्या जाड फळ्या बसवल्या. पायडल मारलं की टेबल वर, तेच पायानं खालून उचललं की खाली. मोटर गुडघ्याएवढ्या उंचीवर सरकवायची आणि हवी तेवढी वर आणायची. पहिल्या दिवशी ती जमिनीवर पाय टेकून काम करताना रडली.

खंडेनवमीला हत्यारं त्याच टेबलावर पुजली. सौरभ नवा शर्ट घालून, नारळ घेऊन पुढं उभा. तेवढ्यात कळंबचे गॅरेजवाले हिंदुराव आले आणि टेबल बघून थबकले.

"सौरभ, काय डोकं लावलंस रं! मला असली तीन करून दे."

"देतो की, तात्या," सौरभ बिनदिक्कत म्हणाला.

वृषाली आरतीचं ताट घेऊन मागं उभी होती. तिनं आबांकडं पाहिलं. टेबल कुणी केलं, ते त्यांनी रोज दारात बसून पाहिलं होतं. आबा बसल्या जागी गुपचूप झेंडूचा हार नीट करू लागले. सौरभपेक्षा त्यांचाच तिला जास्त संताप आला.

"खाली कसं घ्यायचं, दाव की," हिंदुराव म्हणाले.

सौरभनं पायडल मारलं. टेबल वर गेलं. पुन्हा मारलं, आणखी वर. पूजेतला दिवा त्याच्या नव्या शर्टाला लागायला आला. मग त्याला एकदम सण आठवला.

"आज हत्याराला हात लावत न्हाईत, तात्या. उद्या दावतो."

"उद्या बी त्याला येणार न्हाय," वृषाली म्हणाली. "टेबल माझं हाय. मी केलंय." तिनं ताट ठेवलं आणि पायानं पायडल उचललं. टेबल सावकाश खाली आलं.

"पूजेच्या हत्याराला पाय लावतीस?" सौरभ ओरडला.

"रोज ह्याच पायानं चालवते. तवा कुठं असतोस?"

हिंदुराव आबांकडं वळले. "खरं का, मानसिंगराव?"

तिच्या बोलण्याला अजून साक्षीदार लागत होता! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पोरीनंच केलंय," आबा पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, आबा."

"सणाच्या दिशी कशाला गं..."

"मोठ्यानं!"

आबा काठी टेकत उठले. "माझ्या वृषालीनं केलंय! दुकान बी तीच चालवती!" समोरच्या चहावाल्याकडची माणसं वळून बघायला लागली.

तिचा राग गेला नाही. तिनं सौरभच्या हातातला नारळ काढून घेतला आणि टेबलाच्या लोखंडी चौकटीवर स्वतः फोडला.

"तीन टेबलांचं माझ्याशी बोला, तात्या," ती म्हणाली.