एकदम फिट

मोहाच्या बियांचं तेल कढईत तापलं, की मला बाबांचं अपील आठवतं. फौजेतून बाबा पाठ आणि मान आखडून गोंडपिपरीला परतले होते, पण तपासणीला डॉक्टरांनी "कैसे हो?" विचारताच सवयीनं सावधान होऊन "एकदम फिट, साहब!" म्हणाले आणि अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला. म्हणून अपिलाच्या तपासणीला आई आणि मी सोबत नागपूरला गेलो. वरोऱ्याला चहा पिताना आईनं बजावलं, "आता तरी दुखून राह्यलं म्हनून सांगजा." बाबांनी मान हलवली नाही, ती हलतच नव्हती. आत नव्या डॉक्टरांनी तेच विचारलं आणि बाबांच्या टाचा खटकन जुळल्या. "एकदम फिट, साहब!" मागून आई कडाडली, "फिट? मंग आज बुटाची लेस कोनं बांधून देल्ली तुमाले?" तिच्यावर डोळे वटारायला बाबा आख्खेच्या आख्खे मागे वळले, कपाट फिरवावं तसे. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "बस, जो देखना था, देख लिया." अपील मंजूर झालं, आईनं याच तेलात वडे तळून गल्लीभर वाटले. आजही पाठ चोळायला कोमट तेलाची वाटी घेऊन मी विचारते, "कसं आहे बाबा?" "एकदम फिट," ते म्हणतात, आणि आख्खेच वळून पाठ माझ्यापुढे करतात.