गुराख्याचा कबुलीजबाब

इतक्या वर्षांनीही तो गुराखी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते आणि मी समुद्रपूरला ठाणेदार होतो. पोलीस चौकशी कशी करतात याचा अभ्यास करायला नागपूरहून एक संशोधक बाई आल्या होत्या. वरून परवानगी होती, म्हणून खुर्ची दिली. बाहेरचं माणूस कोपऱ्यात बसून आपलं काम बघतंय म्हटल्यावर कोणाला आवडणार?

गिरडजवळच्या एका शेतकऱ्याची बैलजोडी चोरीला गेली. त्याच्या साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, खबर दिली, "गुराख्यानंच नेली जी." गुराखी गोंड, अंगानं किरकोळ. आम्ही त्याला आणला, तर त्याची बायको तान्हं लेकरू घेऊन ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसली.

हवालदारानं विचारलं, "बैल तूच नेले ना?"

"हव जी."

"रानात लपवले ना?"

"हव जी."

बोट लावायचीही गरज पडली नाही. मात्र रान पालथं घातलं तरी बैलांचा पत्ता नाही. तरीही उद्या त्याला कोर्टात उभा करायचं ठरलं.

तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, मी इथल्या गावांतून हिंडले आहे. मोठ्या माणसाला नाही म्हणणं हे लोक उद्धटपणा समजतात. पारखून बघा."

मला रागच आला. पण गुराख्याला विचारलं, "कलेक्टरसाहेबांची म्हैसही तूच नेली ना?"

"हव जी."

कलेक्टरांकडे म्हैस नव्हतीच. हवालदार हसला, मला काही हसू आलं नाही.

मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "त्या दिवशी काय पाह्यलं, तुह्या मनानं सांग."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मालकाचा साळा बैल ट्रकात चढवून राह्यला होता जी. मले वाटलं, घरचाच मानूस आहे."

"मग आधी काऊन नाई सांगतलं?"

तो गोंधळला. "कोनं इचारलंच नाई जी."

साळ्यालाही तसंच मोकळं बोलू दिलं. बोलता बोलता तो स्वतःच अडकला. तळेगावच्या बाजारात विकलेली जोडी आम्ही पंचांसमक्ष जप्त केली. गुराखी बायको-लेकराला घेऊन घरी गेला.

पुढं प्रत्येक ठाण्यात मी शिस्त लावली: आधी माणसाला बोलू द्यायचं, प्रश्न मागून. त्या शिस्तीनं पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले. खात्यातल्या कोणी ती मला शिकवली नसती. बाई ना माझ्या हाताखालच्या, ना माझ्या वरच्या; त्यांना बदलीचं भय नव्हतं. त्या दिवशी ठाण्यात माझ्या शब्दाला हवालदार, शिपाई, गुराखी, सगळेच मान डोलावत होते. नाही म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या.