पिवळं राहिलेलं टोक

लाकडावर संशोधन करायला मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात लागले, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. सागवान वाचवायचं तर लोकांना दुसरं काहीतरी द्यायला हवं, याचा मी ध्यासच घेतला होता. निलगिरीचं लाकूड बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलं की त्याला वाळवी लागत नाही, हे मी दाखवून दिलं आणि गावोगाव सांगत फिरले. आजऱ्याकडच्या एका गावात चावडीपुढं मी म्हणाले, "सागाला हात लावू नका. हे वापरा." लोक उठायला लागल्यावर एक वाक्य जोडलं, "फक्त ओल लागू देऊ नका." ते किती जणांनी ऐकलं, कोण जाणे.

सातेक वर्षांनी एक बाई प्रयोगशाळेत आली. तिनं पिशवीतून हातभर लाकूड काढून टेबलावर ठेवलं.

"हे कशाचं हाय, सांगता का?"

"कुठलं आहे?"

"आजऱ्याकडचं. माळ्याची तुळई. वर भाताची पोती हुती. मोडली. खाली आमचं मालक जेवाय बसलेलं. गेलं."

निलगिरी मी बघताक्षणी ओळखली होती. तरी ढलप्या काढल्या, हळदीचा अर्क आणि आम्ल लावलं. बोरॅक्स शिल्लक असेल तिथं लाकूड लाल होतं. मधला भाग लाल झाला. मातीच्या भिंतीत गेलेलं टोक पिवळंच राहिलं. तिथला बोरॅक्स आजऱ्याच्या पावसाळ्यांनी धुऊन नेला होता. नखानं दाबलं तर लाकडाचा भुगा पडला.

"सुतार म्हणतोय वखारवाल्याची चूक, वखारवाला म्हणतोय सुताराची. खरं कुणाची वो?"

"माझी," मी म्हणाले. "ओलीचं मी नीट सांगितलं नाही."

"चावडीफुडं बोललेल्या त्या तुमीच व्हय? मी बी हुते की तितं. मालक म्हणालं, शिकलेली बाई हाय, खोटं कशाला सांगंल."

तिनं लाकूड पिशवीत घातलं. मग ढलप्यांकडं बोट करून म्हणाली, "ते बी द्या." मी कागदात बांधून दिल्या.

त्यानंतर रजा टाकून, एका सुताराला बरोबर घेऊन त्या भागातल्या घराघरांत फिरले. भिंतीतली टोकं ठोकून बघायची, पोकळ आवाज आला की टेकू द्यायचा, तुळई बदलायची. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच घालवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर ठोकूही दिलं नाही.

"पडली तर माझ्यावर पडंल. तुमी जावा, बाई."

तीनदा गेले. तिसऱ्या वेळी दाराला कुलूप होतं, मुलाकडं पुण्याला गेले म्हणाले शेजारी. खिडकीतून पाहिलं, तर तुळई जागेवर आणि तिच्या बरोबर खाली त्यांची बाज.

ते परत आले की नाही, मला कधीच कळलं नाही. कुणाच्याही घरी गेले की माझी नजर अजून आधी वर जाते. राजारामपुरीतल्या सिमेंटच्या फ्लॅटमध्येसुद्धा. यजमानांना वाटतं, मी घर न्याहाळतेय.

"आवडलं ना?" ते विचारतात.

"छान आहे," म्हणते, आणि दाराजवळची खुर्ची बघून बसते.