न दाखवलेला तळपाय

मी धुळ्याची नर्स. म्हाताऱ्या रुग्णांना घरी जाऊन बघणं हे माझं काम. लांबच्या गावी महिन्यातून एकदाच जाणं होतं, मधल्या भेटी मोबाईलवर व्हिडिओ लावून. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी माझी गत. शुगरवाल्या माणसाचा पाय म्हटला की मला आधी काळा पडलेलाच दिसतो.

शिंदखेड्याकडच्या एका शुगर असलेल्या अक्कांच्या घोट्याजवळ जखम होती. सून मोबाईल धरायची, अक्का डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. घोटा छान भरत होता. तळपाय कसा आहे विचारलं की अक्का म्हणायच्या, "बठ्ठं बेस शे, माय." सगळं ठीक आहे म्हटल्यावर मी सुटकेचा श्वास सोडून फोन ठेवायचे.

चौथ्या आठवड्यात सुनेनं मोबाईल भिंतीला टेकवला आणि ती दूध बघायला गेली. अक्का पाणी प्यायला उठल्या. त्यांच्यामागे फरशीवर एकेक ओला ठसा उमटत गेला. पाण्याचा नव्हता, पिवळट होता. सुनेला हाक मारून मी म्हटलं, तळपाय दाखवा, आत्ता.

अक्का ऐकेनात. "तुना तोंडसमोर तळपाय कसा करू, माय? पाप लागी."

मी चिडले, मग विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी तोंड पदरात लपवलं आणि सुनेनं पाय उचलला. अंगठ्याखाली बोराएवढं भोक होतं, कडा काळ्या. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाल्या, म्हणजे तिथली जाणीवच मेली होती. लगेच गाडी करून धुळ्याला आणा, म्हटलं.

"पाय वाची ना, ताई?" सुनेनं विचारलं.

वाचेल, म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं. गाडी पोचेपर्यंत मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते.

अंगठा काढावा लागला, पाय राहिला. आता अक्का साऱ्या गल्लीला सांगतात, की पोरीनं फोनमधून माझा पाय वाचवला. तीन आठवडे मी त्यांच्या शब्दावर फोन ठेवत होते. आधी बघितलं असतं तर अंगठाही राहिला असता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायची भीती वाटते.