रोहण्याच्या लाइनीचा आकडा

आमच्या हापिसात किस्से जमवावे लागत नाहीत, झाडू मारला तरी दोनचार निघतात. वर्ध्यात बसून आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवणारी छोटीशी कंपनी, माणसं मोजून चार, आणि त्यातले एक साहेब. झालं, आणखी काय पाहिजे? तक्रारींचा फोन मी उचलते, त्यामुळे सगळं आधी माझ्याच कानावर आदळतं. विसरायचं म्हटलं तरी साहेब विसरू देत नाहीत!

*

साहेब नागपूरहून पाच दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले. सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीमागे लावलं आणि आम्हाला ओळीनं उभं करून शिकवू लागले. "राउटर म्हणजे चौकातला पोलीस. डेटा आला, की ज्या रस्त्याला थांबे कमी, तिकडे पाठवतो. सिंपल!"

गजाननभाऊंनी हात वर केला. हे आमचे लाइनमन, अठरा वर्षं खांबांवर चढलेला माणूस. "साहेब, वर्ध्याहून आर्वीले बैलबंडीनं निघालो तं मधात एकबी थांबा नाई. येस्टीले धा थांबे. मंग बंडीनंच जाऊ का?"

साहेब म्हणाले, "मी कारने जातो."

*

एकदा मीटिंगला मालक आले होते. साहेबांनी मोठ्या स्क्रीनवर आकडा दाखवला. "सर, सिग्नल जाऊन परत यायला फक्त एक मिलिसेकंद! जिल्ह्यात असा स्पीड कोणाकडे नाही!"

मालक खूश. मी जरा वाकून पाहिलं, तर ज्या राउटरला सिग्नल जात होता, तो साहेबांच्याच टेबलावर, चहाच्या कपाशेजारी होता!

मालक गेल्यावर मी हळूच सांगितलं. "मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही फोन उचला."

*

अल्लीपूरला आमच्या दोन लाइनी. एक नवी, धडधडीत. दुसरी जुनी, दमेकरी. साहेबांना एकाएकी समतेची उबळ आली आणि राउटर ज्यावरून रस्ता निवडतो, तो आकडा त्यांनी दोन्हींना सारखाच दिला. राउटरला काय, आकडे सारखे म्हणजे रस्ते सारखे. तो बिचारा इमानदारीत अर्धं इकडून अन् अर्धं तिकडून पाठवू लागला.

तिथल्या एका भाजीवाल्या काकूंचा फोन आला. "बाई, जावई पुण्याहून व्हिडिओ कॉल करते तं म्हणते, तुमी दिसून राह्यल्या, पण आवाज नाई येत. मी म्हटलं, असू दे बापा. तुया सासऱ्याचं तीस वर्सांपासून असंच हाय. मी दिसते, पण त्यायले आवाज नाई येत!"

मी फोन ठेवून इतकी हसले, की साहेबांनी केबिनच्या काचेतून डोळे वटारले.

*

आता रोहण्याचं ऐका. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

रोहण्याला जायला दोन रस्ते. एक, गजाननभाऊंनी उन्हातान्हात टाकलेली नवी फायबर. दुसरा, आंजीच्या टॉवरवरची जुनी वायरलेस डिश, वारा सुटला की मान हलवणारी. राउटरचा नियम असा, की ज्या रस्त्याचा आकडा लहान, तो जवळचा. साहेबांनी फायबरला दिला दहा हजार आणि डिशला दहा!

मी म्हटलं, "सर, उलटं झालंय."

"मॅडम, एवढी भारी लाइन, तिला दहाचा आकडा? शोभतं का?"

झालं! अख्खं रोहणा त्या डिशवर चढलं आणि फायबर रिकामी. तिथल्या गुरुजींचा रोज फोन, "मॅडम, पोरायचा व्हिडिओ अटकून राह्यला." मी रोज सांगायची, "साहेब स्वतः लक्ष घालतायत, गुरुजी."

साहेबांनी मालकांना रिपोर्ट पाठवला: लाइनमननं फायबर नीट टाकली नाही, त्याला कामावरून काढावं. अठरा वर्षं! माझं डोकंच फिरलं.

सोमवारी मालक आले. साहेब अर्धा तास बोलले. गजाननभाऊ दाराशी उभे, हातात टोपी. शेवटी मालक म्हणाले, "गजानन, तुला काही सांगायचंय?"

"बोलून काय करू, सर. दाखवतो."

सरळ मशीनरूममध्ये गेले आणि रोहण्याच्या फायबरची पिवळी वायर उपसून घेतली. साहेब किंचाळले, "अरे, गाव बंद पडेल!"

आम्ही सगळे माझ्या फोनकडे बघत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एक तक्रार नाही.

"बघा सर!" साहेब फुलले. "वायर काढली तरी नेट चालू! ही आपली सिस्टिम!"

मालकांच्या कपाळाला आठी पडली. "मग या वायरमधून इतके दिवस जात काय होतं?"

गजाननभाऊंनी फायबर परत लावली आणि आता डिशची वायर काढली. राउटरला दुसरा रस्ताच उरला नाही. पुन्हा सगळे माझ्या फोनकडे बघू लागले.

पाचएक मिनिटांत फोन खणखणला. रोहण्याचे गुरुजी! मालक म्हणाले, "स्पीकरवर टाका."

"मॅडम, आज तं नेट भल्लं पळून राह्यलं! सगळी पोरं व्हिडिओ पाहून राह्यली!" गुरुजी हर्षानं ओरडत होते. "काऊन हो, तुमचे साहेब सुट्टीवर हायेत का?"