पंपावरचं ओलं फडकं

संस्थान विलीन झालं आणि आमचं सरकारी दफ्तर दर उन्हाळ्यात नव्या राज्याच्या उन्हाळी राजधानीत, इंदूरला हलू लागलं. एकदा फायलींनी भरलेली जुनी जीप निघतानाच, आमच्याच शहरातल्या इंदरगंजच्या चौकात बंद पडली. उन्हाची तापलेली लू वाहत होती, रस्ता पाण्यासारखा हलत होता. कुणी एक म्हातारा आला. त्याने बॉनेट उघडलं, घोड्याला थोपटावं तसं इंजिनाशेजारी थोपटलं आणि पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं.

"आतलं पेट्रोल उकळलंय, साहेब. जरा ठहरा, निवेल."

आम्ही सावलीत बसलो. मग जीप सुरू झाली. मी फडकं परत देऊ लागलो.

"राहू द्या. रस्त्यात लागेल."

इंदूरला ते वाळलं, तेव्हा त्याचा केशरी काठ दिसला. असे फेटे बांधून आमची संस्थानी फौज परेडला निघायची. त्या म्हाताऱ्याने आपला फेटा फाडला होता.