कपारीतलं सरपण

थंडीत रानातून पायी जायचं, ही हौस माझीच. कळमनुरीला बहिणीकडे गेले होते. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बहिणीच्या शेतावर कामाला येणाऱ्या सोनीबाईचा तांडा (बंजारा वस्ती) रानापलीकडे होता. सडकेने जीप जायची. पण हौसेला मोल नसतं; तिच्याबरोबर मी तांड्याकडे पायीच निघाले.

सकाळी धुई (दाट धुकं) अशी की चार पावलांवरची सोनीबाई दिसेना. ती खोकली की वाट कळायची. दहाच्या सुमाराला ऊन चटकू लागलं, स्वेटर पिशवीत गेला. सागाची मोठी पानं पायाखाली कुरकुरत होती. एका धावड्याखाली सोनीबाईने वाळलेली काटकी मोडून घेतली आणि ओढणीखाली धरली. घरी सरपण संपलं का, म्हणून मी चेष्टा केली. "लागती," एवढंच ती म्हणाली. ओढ्याकाठी तिने बाटी (भाकरी) आणि ठेचा दिला. डोळ्यांतून पाणी काढत मी दोन बाट्या खाल्ल्या.

दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि पावसामागोमाग गारा. डोकं धरून मी समोरच्या खडकाच्या कपारीकडे पळाले. सोनीबाई काटकी जपत मागून सावकाश येत होती. माझे दात वाजत होते. कपारीत कंबरेएवढा काटक्यांचा ढीग, अगदी खडखडीत वाळलेला. देवच पावला, म्हटलं. पिशवीत चहाच्या सामानाबरोबर काडेपेटी होती. मी कवळाभर काटक्या ओढल्या आणि मस्त जाळ केला.

सोनीबाई आली ती कपारीच्या तोंडाशीच थांबली. पाठीवर गारा पडत होत्या, तरी आत येईना. मी दोनदा बोलावलं. ती जाळाकडेच बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "ह्यो माझ्या मालकाचा ढीग हाय."

मग तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा चुकलेला बैल शोधायला निघाला आणि अशाच पावसात इथे अडकला. सकाळी माणसं आली, तेव्हा तो बसल्या जागी गार पडला होता. पुढ्यात ओल्या काटक्या आणि काडेपेटीतल्या सगळ्या काड्या ओढलेल्या. तेव्हापासून तांड्याचं कुणीही इथून गेलं, की एक वाळलेली काटकी ठेवतं. काढत कुणीच नाही.

मी हादरले. काय केलं हे मी! चपलेने जाळ विझवायला धावले, तर तिने दंड धरला.

"विझवू नका. तवा पेटलीच न्हाई. आज पेटली तर पेटू द्या."

आणि सकाळपासून जपलेली काटकी तिने जाळात सरकवली. आम्ही दोघी शेकत बसलो. चहाचं मात्र मला सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तांड्यावरून त्याच वाटेने परतलो. ऊन कोवळं होतं आणि माझ्या डोक्यावर काटक्यांचा भारा. मान मोडून आली, पण उतरवला तो कपारीतच. सोनीबाईने ओढणीची गाठ सोडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नवी काडेपेटी काढली आणि वरच्या खाचेत ठेवली. ही कशाला, मी विचारलं.

"त्याच्यापाशी काड्या व्हत्या, वाळलं लाकूड नव्हतं. आमी इतकी वर्सं लाकूडच ठिवून राहिलो. काड्या ठिवायचं सुचलंच न्हाई. आता जो अडकंल, तो शेकंल."

हौसेने गेले होते मी. अजूनही कुणी त्या रानाबद्दल विचारलं, की आधी लाज वाटते आणि मग ती काडेपेटी आठवते.